फोटोखाली माझं नाव

मी शहाद्याला राहते आणि जवळच्याच एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पर्यावरणाचा प्रकल्प करावा लागतो, तो तपासण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. प्रकल्प म्हणजे वीस-पंचवीस पानांची फाइल. लोणखेड्याच्या रस्त्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून मुलं ती बांधून आणतात. वर चकचकीत प्लास्टिक आणि आत नेटवरून उतरवलेले फोटो. सातपुड्याच्या जंगलावरच्या प्रकल्पात बर्फातली सूचिपर्णी झाडं, तापीवरच्या प्रकल्पात कुठल्यातरी परदेशातली निळीशार नदी. कित्येक फोटोंवर ते विकणाऱ्या कंपनीचा पुसट शिक्का आडवातिडवा उमटलेला, आणि मुलांनी तो तसाच छापलेला. मी लाल पेनने शुद्धलेखन सुधारायचे आणि फोटोंवरून नुसती नजर फिरवून पान उलटायचे.

एका वर्षी आमच्या दोन मुली विद्यापीठाच्या स्पर्धेत भित्तिपत्रक घेऊन गेल्या. मीच त्यांना घेऊन गेले होते. परीक्षक चष्मा कपाळावर सरकवून पत्रकाजवळ वाकले आणि त्यांनी एका फोटोवर बोट ठेवलं.

"हा कुणाचा फोटो आहे?"

"नेटवरचा आहे, सर."

"नेट हे कुणाचं नाव आहे?"

आजूबाजूचे हसले. मुली खाली मान घालून उभ्या राहिल्या. परतीच्या एसटीत दोघी एका सीटवर बसून खिडकीबाहेर पाहत होत्या. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं. ते हसणं खरं म्हणजे माझ्या वाट्याचं होतं.

मग मी शिकायला बसले. तेव्हा कळलं की नेटवर दिसणारा प्रत्येक फोटो कुणाचा तरी असतो आणि न विचारता घेणं ही चोरीच. पण असेही संग्रह आहेत, जिथे लोक आपले फोटो, आवाज, चित्रफिती मुद्दाम मोकळ्या करून ठेवतात. काही इतके जुने की आता कुणाच्याच मालकीचे नाहीत. काही मुक्त परवान्याखाली असतात: वापरा, छापा, बदल करा, फक्त काढणाऱ्याचं नाव द्या. परवान्यांचेही प्रकार असतात. कुठे धंद्यासाठी वापरायला मनाई, कुठे बदल करायला मनाई. मी हे सगळं वहीत उतरवून काढलं आणि पुढच्या जूनपासून प्रकल्पाच्या पहिल्या दोन तासिका याच विषयावर घ्यायला लागले. फोटोखाली चार गोष्टी लिहायच्या: फोटोचं नाव, काढणाऱ्याचं नाव, कुठून घेतला, परवाना कोणता. फोटो उलटा शोधून, म्हणजे शब्दांऐवजी फोटोच टाकून, तो मुळात कुठून आला आणि आणखी कुठे कुठे वापरलाय हे कसं पाहायचं, तेही शिकवलं. मुलांना ते फार आवडलं. एकमेकांचे फोटो टाकून शोधत बसायची.

अडचण एकच होती. त्या संग्रहांत आमचा मुलूखच नव्हता. काठी गावच्या राजवाडी होळीचे फोटो पुष्कळ, मोरपिसांचे टोप घातलेले, अंगभर नक्षी काढलेले नाचे. जणू आमच्या डोंगरातली माणसं वर्षातून एकदाच जगतात. पण वाळत घातलेलं आमचूर, भगरीचं शेत, मोलगीच्या बाजारात माणसं भरून येणाऱ्या जीपा, यातलं काही नाही. मुलं म्हणायची, "मॅडम, आपलं काहीच सापडत नाही, मग दुसरीकडचे लावतो."

म्हणून मीच फोटो काढायचं ठरवलं. मे महिना होता, कॉलेजला सुटी. अक्कलकुव्याहून जीपने देवगोईचा घाट चढून मोलगीला गेले, बाजाराच्या दिवशी. दिवसभरात दोनशेच्या वर फोटो काढले. कैऱ्यांच्या फोडी खडकावर वाळत पडलेल्या, जीपच्या टपावर बसलेली माणसं, टोपल्या, तराजू. एका लिंबाच्या झाडाखाली एक बाई आमचुराची टोपली पुढ्यात घेऊन बसली होती. पन्नाशीची असावी. गळ्यात चांदीचा जड दागिना, ऊन तोंडावर येत होतं म्हणून डोळे बारीक केलेले. मी तिच्याकडून आमचूर घेतलं आणि मोबाइल वर करून खुणेनेच विचारलं. ती काही बोलली नाही, हलली नाही. मी फोटो काढला. दोनशे फोटोंत तो सगळ्यात चांगला आला होता. चेहऱ्यावरची रेघन् रेघ दिसत होती.

घरी येऊन निवडक तीस फोटो मी संग्रहात चढवले. चढवताना एक सूचना येते, फोटोत ओळखू येईल अशी व्यक्ती असेल तर तिची संमती आहे ना, अशा अर्थाची. मी चौकटीत खूण केली आणि पुढे गेले. परवाना सगळ्यात मोकळा निवडला. कुणीही, कशासाठीही, बदल करूनही वापरावा, फक्त माझं नाव द्यावं. त्या फोटोला नाव दिलं, 'मोलगीच्या बाजारातील आदिवासी स्त्री'.

त्या वर्षी मुलांच्या फायलींमध्ये माझे फोटो दिसायला लागले आणि प्रत्येकाखाली माझं नाव. मला त्याचं फार कौतुक वाटायचं, हे कबूल करायला हवं. पुढे पुण्याच्या एका मासिकात माझा आमचुराचा फोटो आला, तोही नावासकट. मी ते पान कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

दोन-अडीच वर्षं गेली. एक दिवस दुपारी, तास संपल्यावर, दुसऱ्या वर्षाची एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. मोलगीच्या पलीकडच्या एका पाड्यावरची, शहाद्याच्या वसतिगृहात राहून शिकणारी. वर्गात कमी बोलायची, पण तिचा रानभाज्यांवरचा प्रकल्प त्या वर्षीचा सगळ्यात नेटका होता.

"मॅडम, एक विचारायचं होतं. हा फोटो तुमचा आहे का?"

तिच्या हातात छापलेलं एक पान होतं. मी आधी फोटो पाहिला, मग खाली माझं नाव पाहिलं.

"माझाच आहे की," मी हसून म्हणाले. "कुठे सापडला तुला?"

तिने पान आणखी पुढे सरकवलं. मग मी वरचा मथळा वाचला. तो सातपुड्यातल्या डाकिणींवरचा लेख होता.

"ही माझी फुई आहे, मॅडम," ती म्हणाली.

आमच्याकडे सपाटीवरही वडिलांच्या बहिणीला फुईच म्हणतात. मला आणखी काही विचारावं लागलं नाही.

मी तिला बसवलं आणि लेख वाचला. दूरच्या शहरातल्या कुठल्यातरी संकेतस्थळावरचा होता. लेख वाईट नव्हता. पोर आजारी पडलं, गुरं मेली की एखाद्या बाईवर ठपका ठेवतात, तिला डाकीण ठरवून वाळीत टाकतात, मारहाण करतात, हे थांबलं पाहिजे, असं पोटतिडकीने लिहिलेलं. लेखाला फोटो हवा होता म्हणून लावला होता, इतकंच. फोटो काळा-पांढरा केला होता, कडा गडद केल्या होत्या. उन्हामुळे बारीक झालेले ते डोळे आता भलतेच दिसत होते. आणि खाली सगळं बिनचूक लिहिलेलं: फोटोचं नाव, माझं नाव, संग्रहाचं नाव, परवाना, आणि 'मूळ छायाचित्रात बदल केला आहे' हेसुद्धा. मी माझ्या वर्गात या ओळीला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

"तुला हे कसं कळलं?"

"माझ्या काकाच्या मोबाइलवर आला होता. नुसता फोटो आणि वर एक ओळ. खाली काही नाव नव्हतं. मग तुम्ही शिकवलं तसा मी उलटा शोधला." तिने माझ्या हातातल्या पानाकडे पाहिलं. "तेव्हा हा लेख सापडला. आणि तुमचं नाव."

मग तिने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. फुईचा नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही, भावांच्या शेजारी वेगळं घर करून राहते. कुणी तिला मारलं नाही, घरात घुसलं नाही. शेजारच्या पाड्यावरच्या एकाने जीपमध्ये बसल्या बसल्या तो फोटो दाखवला, त्याने दुसऱ्याला पाठवला. वाचता येणाऱ्याने वाचून सांगितलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना फोटो पुरेसा होता. लेखात तसं म्हटलेलं नाही, त्याच्या उलट म्हटलंय, हे सांगायला कोण जाणार? बायका तिच्या अंगणातून जाताना लेकरांची तोंडं पदराखाली घ्यायला लागल्या. बाजारात तिच्या शेजारी बसणारीने जागा बदलली. एका लग्नाला तिला बोलावणं आलं नाही. तेव्हापासून तिने बाजारात जाणं सोडलंय.

"ती काय म्हणते?"

"ती म्हणते, फोटो कुणी दिला ते शोध."

ती उठली. पान माझ्या टेबलावरच ठेवून निघून गेली. मी तिला थांबवलं नाही.

त्याच संध्याकाळी मी त्या संकेतस्थळाला ईमेल पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, अगदी सभ्य. आम्ही परवान्याच्या सर्व अटी पाळल्या आहेत, आपल्या कार्याबद्दल आदर आहे. आपल्याला या लेखाशी संबंध नको असल्यास आपलं नाव काढून टाकू. मी ते तीनदा वाचलं. माझं नाव काढता येत होतं. परवान्यातच तशी सोय आहे, मी ती मुलांना शिकवलीही होती. त्या बाईसाठी अशी कुठली सोय मी वाचली नव्हती.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि आमच्या अहिराणीत म्हणाला, "तुन्ही काय चूक शे यामा? फोटो ते चांगलाच काढेल शे ना."

मला बरं वाटावं म्हणूनच तो बोलला होता. मी भाकरी थापत राहिले. माझी चूक कुठे आहे हे मला दिसत होतं. संमतीच्या त्या चौकटीत मी खूण केली होती.

संकेतस्थळाचा फोन नंबर शोधून मी फोन केला. पलीकडे एक तरुण संपादिका होती. मी तिला सांगितलं की ही बाई खरी आहे, जिवंत आहे, तिला कुणी कधी डाकीण म्हटलं नव्हतं, तुमच्या लेखामुळे म्हणायला लागलेत.

"आम्हाला वाटलं, संग्रहातला फोटो आहे म्हणजे..." ती म्हणाली आणि वाक्य पुरं न करता थांबली. "आजच काढते मी."

तिने खरंच काढला. त्या जागी डोंगराचा एक फोटो लावला. पण तोवर तो फोटो आणखी ठिकाणी गेला होता. मी रोज उलटा शोधायला लागले. एका चित्रफितीच्या सुरुवातीला तो होता, भीतीदायक संगीतासह. एका भाषणाच्या स्लाइड्समध्ये होता. काही ठिकाणी माझं नाव होतं, बहुतेक ठिकाणी नव्हतं. ज्यांनी नाव दिलं नव्हतं त्यांना निदान नियम दाखवून काढायला लावता येत होतं. ज्यांनी नियम पाळला होता त्यांच्यापुढे माझ्या हातात विनंतीशिवाय काही नव्हतं.

संग्रहातूनही तो काढावा म्हणून मी अर्ज केला. तिथे स्वयंसेवक असतात, ते उघड चर्चा करून ठरवतात. एकाने लिहिलं, चेहरा स्पष्ट ओळखू येतो, संमती नाही, काढावा. दुसऱ्याने लिहिलं, सार्वजनिक ठिकाणी काढलेला आहे, एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, शिवाय या भागातले फोटो दुर्मिळ आहेत, संग्रहाचं नुकसान होईल. हे दुसरं म्हणणं वाचताना मला कसंसंच झालं, कारण दोन वर्षांपूर्वी मी हेच म्हटलं असतं. आठवडाभर चर्चा चालली. शेवटी माझ्यावर मेहेरबानी म्हणून फोटो काढून टाकला. माझे बाकीचे एकोणतीस मी एकेक करून पाहिले. ज्यात चेहरे होते तेही काढायला सांगितले.

मुलीला मी हे सगळं सांगितलं. तिने मान हलवली.

"मला फुईला भेटायचंय," मी म्हणाले.

"नका येऊ मॅडम." ती सरळ म्हणाली. "तुम्ही गाडीतून आल्या की लोक परत विचारतील, कोण आलं, कशाला आलं."

मला माफी मागायची होती, पण ती माझी गरज होती आणि तिचा त्रास पुन्हा त्या बाईलाच होणार होता. मी गेले नाही. परीक्षा झाल्या, दिवाळी झाली. सुटीहून परतल्यावर ती मुलगी आपणहून आली.

"फुई म्हणते, मॅडमला आण."

आम्ही दोघी एसटीने अक्कलकुव्याला आणि तिथून जीपने गेलो. पाड्यावर पोचायला शेवटचा टप्पा पायी होता. घर कुडाचं, स्वच्छ सारवलेलं. बाई ओट्यावर तूर निवडत बसली होती. फोटोतल्यापेक्षा बारीक झाली होती, की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. तिने भाचीला पाणी आणायला सांगितलं आणि मला बसायला गोधडी टाकली.

ती भिली बोलत होती. मुलगी मराठीत सांगत होती. फुई मला 'तू' म्हणत होती आणि मुलगी प्रत्येक वेळी त्याचं 'तुम्ही' करत होती. तेवढं भिली मला कळत होतं.

मी माफी मागितली. मुलीने ती सांगितली. बाईने तूर निवडत ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "त्या दिवशी तुम्ही कशाला आल्या होत्या?"

"मुलांना दाखवायला फोटो हवे होते."

"मला वाटलं तुम्ही ऑफिसातल्या आहात. रेशनला फोटो काढतात, घरकुलाला काढतात, दवाखान्यात काढतात. हलायचं नाही, नाहीतर परत काढावा लागतो. म्हणून मी हलले नाही."

मी तिचं गप्प बसणं होकार समजले होते. वर्गात दाखवताना मी मुलांना म्हणालेही होते, बघा, किती सहज बसली आहे.

"दाखव फोटो," ती म्हणाली. या वेळी मुलगी 'तुम्ही' करायला विसरली.

संग्रहातून काढला तरी माझ्या मोबाइलमध्ये तो होता. मी दाखवला, मूळचा, रंगातला. तिने मोबाइल दोन्ही हातांत धरला आणि डोळ्यांजवळ नेला. तिने आजवर दुसऱ्याच्या मोबाइलवर, लांबून, तो काळा केलेलाच पाहिला होता. खूप वेळ पाहत राहिली. आमचुराच्या टोपलीकडे बोट दाखवून भाचीला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

"त्या वर्षी आमचूर चांगलं झालं होतं, म्हणते."

मोबाइल परत देताना ती म्हणाली, हा आता ठेवू नकोस. मी तिच्यासमोर तो पुसला. तिला ते पुसणं म्हणजे काय, ते दाखवावं लागलं. मग ती म्हणाली की येत्या बाजाराला मी तिच्याबरोबर बसावं. सकाळपासून बाजार उठेपर्यंत. दुसरं काही नको.

मी विचारलं, लोकांना काय सांगू? ती म्हणाली, विचारतील त्याला खरं सांग. नाही विचारलं तर बसून राहा.

बाजाराच्या दिवशी मी तिच्या शेजारी पोतं अंथरून बसले. तिच्यापुढे तूर आणि भगर होती. भाची मागे उभी होती. सकाळी बराच वेळ कुणी आलं नाही. लोक आमच्यासमोरून जात, माझ्याकडे पाहत, तिच्याकडे पाहत आणि पुढे जात. माझे पाय अवघडले. मला वाटत होतं की सगळ्या बाजाराला माझं करणं माहीत आहे. आणि लगेच जाणवायचं की तिला हे गेले कित्येक महिने वाटत आलंय आणि तिने काहीच केलेलं नाही.

ऊन वर आल्यावर दोन माणसं थांबली. त्यांतल्या म्हाताऱ्याने मराठीत विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या?"

"शहाद्याची. कॉलेजात शिकवते."

"इथे का बसल्या?"

मी सांगितलं. फोटो मी काढला होता, इथेच, झाडाखाली. यांना न विचारता नेटवर टाकला. कुणीतरी तो उचलून भलत्याच लेखावर लावला. त्या लेखाचा यांच्याशी काही संबंध नाही. चूक माझी आहे. वर्गात इतकी वर्षं बोलले, पण असं कधी बोलावं लागलं नव्हतं. म्हाताऱ्याने ते बरोबरच्याला भिलीत सांगितलं. तो हसला. कशाला हसला मला कळलं नाही. दोघं काही न घेता गेले.

दिवसभरात मी तेच सात-आठ जणांना सांगितलं. काहींनी मान डोलावली. एकाने विचारलं, मग छापलं कसं, छापतात म्हणजे काहीतरी असेलच ना? मी त्याला परवाना, संग्रह, संकेतस्थळ हे समजावू लागले आणि मध्येच थांबले, कारण माझं मलाच ते पटणारं वाटेना. दुपारनंतर एका तरुण बाईने भगर घेतली. तिच्या कडेवर मूल होतं, ते तिने झाकलं नाही. फुईने तिला मोजून झाल्यावर वर एक मूठ जास्त घातली. त्या दिवशी विकलं गेलं ते एवढंच आणि थोडी तूर.

बाजार उठल्यावर फुईने उरलेलं गाठोडं बांधलं आणि डोक्यावर घेतलं. मला म्हणाली, जा आता, जीप जाईल. राग दिसत नव्हता, माया तर नव्हतीच. काम झालं, एवढंच.

पुढे मुलीकडून कळत राहिलं. फुई पुन्हा बाजारात बसायला लागली. शेजारची बाई परत तिच्याजवळ येऊन बसते. काही घरं बोलतात. एक घर मात्र आजही बोलत नाही, आणि ते तिच्या सख्ख्या चुलतभावाचं आहे. त्या घरात त्याच पावसाळ्यात एक मूल दगावलं होतं. त्याला काविळीने नेलं, असं दवाखान्याचा कागद सांगतो. पण फोटो आला तोही त्याच दिवसांत.

मी शिकवणं थांबवलं नाही. फोटो कुठे शोधायचे, परवाना कसा वाचायचा, नाव कसं द्यायचं, हे अजून सांगते. ते बरोबरच आहे. फक्त आधी विचारते, फोटोत माणूस आहे का? असेल तर त्याला ठाऊक आहे का, की तो कुठे जाणार आहे? मुलं म्हणतात, मॅडम, हे परवान्यात नसतं. मी म्हणते, नसतं, म्हणूनच मी विचारते. काही मुलं मग माणसांचे फोटो टाळतात आणि डोंगर, झाडं, भांडी लावतात. त्यांच्या फायली बघताना वाटतं की आमचा मुलूख पुन्हा माणसांशिवायचाच झाला. यावर मला अजून काही सुचलेलं नाही.

कपाटाच्या दारावरचं मासिकाचं पान मी काढलं. आठवड्यातून एकदा अजून तो फोटो उलटा शोधते, नेटवर कुठेतरी उरलेल्या प्रतीवरूनच. मध्यंतरी दुसऱ्या राज्यातल्या एका परीक्षेच्या तयारीच्या संकेतस्थळावर सापडला. मी लिहिलं. उत्तर आलेलं नाही.

ती मुलगी पदवी घेऊन आता धडगावजवळच्या एका आश्रमशाळेत शिकवते. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आली होती. बोलता बोलता म्हणाली, "मॅडम, मी तो लेख तुम्हाला दाखवला त्याच्या दोन महिने आधीच मला सापडला होता."

"दोन महिने? मग इतके दिवस का थांबलीस?"

ती पेढ्यांच्या पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "अंतर्गत गुण तुमच्या हातात होते ना. ते लागायची वाट पाहिली."

मी तिला म्हणाले की तसं काही झालं नसतं. मी कधीच गुण कापले नसते.

"हो मॅडम," ती म्हणाली. आणि पुडा सोडून माझ्यापुढे धरला.